झाकली मूठ एकतीस कोटींची

कॅनडातल्या रेजायना शहरातल्या एका घरात पुठ्ठ्याची एक पेटी होती. आत १९७९-८० च्या हंगामातली आइस हॉकीची कार्डं. १६ बॉक्स, प्रत्येक बॉक्समध्ये ४८ पाकिटं, प्रत्येक पाकिटात १४ कार्डं. एकूण १०,७५२ कार्डं, आणि सगळी सीलबंद. फेब्रुवारी २०२४ मध्ये हेरिटेज ऑक्शन्स या अमेरिकन लिलावगृहात या पेटीवरची बोली कमिशनसकट ३७ लाख २० हजार डॉलरवर जाऊन थांबली. तेव्हाच्या दराने साधारण ३१ कोटी रुपये.

आता यातली गंमत बघा. त्या हंगामाच्या संचात एकूण ३९६ वेगवेगळी कार्डं होती. त्यातलं १८ नंबरचं कार्ड वेन ग्रेट्झ्कीचं, त्याचं पदार्पणाचं. हा ग्रेट्झ्की म्हणजे आइस हॉकीतला सचिन समजा. १०,७५२ ला ३९६ ने भागलं की उत्तर येतं २७. म्हणजे त्या पेटीत सरासरीने २७ ग्रेट्झ्की असायला हवेत. आणि मे २०२१ मध्ये याच कार्डाची एक निर्दोष प्रत, एकच, ३७ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली होती.

एका ग्रेट्झ्कीच्या किमतीत सत्तावीस ग्रेट्झ्की! मग पेटी घेणाऱ्याने लगेच कात्री का आणू नये?

हा लेख त्या कात्रीबद्दल आहे. आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. जुन्या कार्डांच्या बाजारात ही म्हण शब्दशः खरी आहे, आणि ती खरी कशी झाली त्याचा इतिहास जवळपास दीडशे वर्षांचा आहे.

तंबाखू, च्युइंगगम आणि न छापलेलं कार्ड

खेळाडूंची कार्डं मुलांसाठी जन्मलीच नाहीत. १८८० च्या दशकात अमेरिकेत सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी चेपू नयेत म्हणून एक जाड पुठ्ठा घालायचे. कोणाच्या तरी डोक्यात आलं, या कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापलं तर? मग नट्या, पक्षी, देशोदेशीचे झेंडे आणि बेसबॉलचे खेळाडू त्यावर आले. इंग्लंडमध्येही तेच झालं. आपल्या रणजितसिंहजींची कार्डंसुद्धा तिथल्या सिगारेटच्या पाकिटांतून निघत. चित्र फुकट होतं, पण पुढचं चित्र हवं असेल तर पुढचं पाकीट घ्यावं लागायचं. या धंद्याचं गणित तिथेच ठरलं.

जगातलं सर्वांत प्रसिद्ध बेसबॉल कार्ड याच काळातलं. १९०९ ते १९११ दरम्यान अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या संचात होनस वॅग्नर या पिट्सबर्गच्या खेळाडूचं कार्ड होतं. वॅग्नरने हरकत घेतली आणि छपाई थांबली. त्याला मुलांनी तंबाखूच्या नादी लागणं नको होतं असं काही म्हणतात, त्याला पैसे हवे होते असं दुसरे म्हणतात. कारण काहीही असो, आज त्या कार्डाच्या साठेक प्रती माहीत आहेत. २०२२ मध्ये एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली. ते कार्ड दुर्मीळ आहे, कारण ते बनायचं थांबवलं.

१९३३ मध्ये बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने एक पाऊल पुढे टाकलं. त्यांच्या च्युइंगगमसोबत २४० कार्डांचा संच येणार होता. मुलं एकेका सेंटाची पाकिटं घेत राहिली, १०५ मिळालं, १०७ मिळालं, १०६ काही मिळेना. मिळणार कसं? कंपनीने ते छापलंच नव्हतं! शेवटी तक्रारीची पत्रं गेल्यावर १९३४ मध्ये नॅप लाजवे या जुन्या खेळाडूचं १०६ नंबरचं कार्ड छापून तक्रारदारांना टपालाने पाठवलं. आज त्या संचातलं सर्वांत हवंहवंसं कार्ड तेच.

मला ही गोष्ट वाचताना नव्वदच्या दशकातलं बिग फन आठवलं. त्या बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं यायची आणि त्यावर धावा लिहिलेल्या असायच्या. धावा जमवा, बक्षीस घ्या. आमच्या गल्लीत मुलं गम रस्त्यावर थुंकून कागद मात्र कंपासपेटीत जपून ठेवायची. गाउडीचं नाव आमच्यापैकी कोणी ऐकलेलं नव्हतं. पण साठ वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये जी युक्ती चालली, तीच आमच्यावर चालत होती.

समुद्रात बुडवलेली कार्डं

बंद बॉक्स मोलाचा का होतो हे समजायचं असेल तर ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीकडे जावं लागतं. १९५२ च्या संचासाठी टॉप्सच्या साय बर्जर यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, वूडी गेलमन या सहकाऱ्यासोबत, आधुनिक बेसबॉल कार्डाचा नमुना तयार केला. मोठा आकार, रंगीत चित्र, संघाचं चिन्ह, मागे आकडेवारी. संचात ४०७ कार्डं. ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि शेवटचा टप्पा पोचेपर्यंत बेसबॉलचा हंगाम संपत आला होता. मुलं फुटबॉलकडे वळली. दुकानदारांनी माल परत पाठवला.

याच शेवटच्या टप्प्यात ३११ नंबरचं कार्ड होतं, न्यूयॉर्क यांकीजच्या मिकी मॅन्टलचं.

बर्जर पुढे अनेकदा सांगत, की उरलेला माल खपवायला ते जत्रांतून फिरले. पैशाला एक, पैशाला दहा, तरी कोणी घेईना. शेवटी १९६० च्या सुमारास गोदाम रिकामं करायला म्हणून त्यांनी शेकडो पेट्या कचऱ्याच्या तराफ्यावर लादल्या आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर नेऊन अटलांटिकमध्ये ढकलून दिल्या.

त्या पेट्याही सीलबंदच होत्या. त्यांनाही कोणी हात लावलेला नव्हता. म्हणजे झाकली मूठ आपोआप सव्वा लाखाची होत नाही. त्यासाठी बाकीच्या मुठी आधी उघडाव्या लागतात, हरवाव्या लागतात, आईने साफसफाईत रद्दीत घालाव्या लागतात. १९५२ ची कार्डं मुलांनी सायकलच्या चाकात अडकवली, रबरबँडमध्ये कोंबली, अंगणात भिंतीवर आपटून खेळली. ती झिजली म्हणून न झिजलेलं कार्ड महाग झालं.

१९८० च्या दशकाच्या मध्यात ॲलन रोझेन या व्यापाऱ्याला मॅसॅच्युसेट्समध्ये १९५२ च्या टॉप्सची हजारो कार्डं एका जागी मिळाली. ती मुलांच्या हाती कधी पडलीच नव्हती. त्यातलं एक मॅन्टलचं कार्ड रोझेनने १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला विकलं. तेच कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. साधारण शंभर कोटी रुपये. खेळाच्या कार्डाला तोवर कधीच न मिळालेली किंमत मिळाली ती अशा कार्डाला, जे मुलांच्या खेळण्यात कधी आलंच नाही.

माझा बॉक्स

१९८० च्या दशकात मॅन्टलच्या कार्डाच्या किमती अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत यायला लागल्या आणि मोठी माणसं जागी झाली. आपण लहानपणी टाकून दिलं ते सोनं होतं! मग त्यांनी मुलांसाठी म्हणून बॉक्सच्या बॉक्स विकत घेतले आणि न फोडता माळ्यावर ठेवले. मुलाच्या कॉलेजची फी यातून निघेल, असा हिशोब. कंपन्यांनीही मागणी बघून छापखाने दिवसरात्र चालवले. १९८० च्या दशकाचा शेवट आणि नव्वदची सुरुवात या काळाला संग्राहक आता ‘जंक वॅक्स’चा काळ म्हणतात. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद, आणि जंक म्हणजे जंक. सगळ्यांनीच जपून ठेवलं, त्यामुळे दुर्मीळ काहीच झालं नाही. त्यातच १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सीरिज रद्द झाली आणि बाजार बसला.

यातला एक बॉक्स माझ्याकडे आला. न्यू जर्सीत राहणाऱ्या मावसभावाने मागच्या वर्षी येताना आणला. १९८८ सालचा डॉनरस कंपनीचा बेसबॉलचा बॉक्स. ३६ पाकिटं, प्रत्येकात १५ कार्डं. किंमत दोन पिझ्झांएवढी. जवळपास माझ्याच वयाची एक सीलबंद वस्तू, आणि ती फोडायला काही धाडस लागत नव्हतं. कारण तिची किंमत बंद असताना आणि उघडल्यावर जवळपास सारखीच, म्हणजे नगण्य.

पाकिटात गम नव्हता, त्याचीही एक गोष्ट आहे. १९८० मध्ये फ्लीअर कंपनीने कोर्टात टॉप्सची मक्तेदारी मोडली, म्हणून १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या दोघी मैदानात उतरल्या. त्याच वर्षी अपील न्यायालयाने निकाल फिरवला आणि गमसोबत बेसबॉल कार्डं विकण्याचा हक्क टॉप्सकडे परत गेला. मग फ्लीअरने कार्डांसोबत स्टिकर दिले आणि डॉनरसने जिगसॉ कोड्याचे तुकडे. माझ्या बॉक्समधल्या प्रत्येक पाकिटात स्टॅन म्युझियल या जुन्या खेळाडूच्या चित्राचे तीन तुकडे होते. मी रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि सुरुवात केली.

पहिलं पाकीट फोडायला मला दोन मिनिटं लागली. मेणकागदाची घडी नखाने हळूच उचलली. आतून जुन्या पुस्तकांच्या कपाटासारखा वास आला. निळ्या-काळ्या-लाल कडांची १५ कार्डं. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस, त्यातल्या एकाचंही नाव ओळखीचं नव्हतं. मिशीवाला पिचर, डोळ्यांवर ऊन आलेला कोणी तरी, हेल्मेट काखेत धरून लाजल्यासारखा उभा असलेला एक मुलगा. ही कार्डं १९८८ मध्ये कोणत्या तरी यंत्राने मोजून या कागदात बंद केली आणि तेव्हापासून हे चेहरे कोणीच पाहिले नव्हते. पहिला मी, ठाण्यात, दुसऱ्या मजल्यावर. जुना बॉक्स फोडण्याचं खरं बक्षीस मला हेच वाटतं. त्याला पैशांचा संबंध नाही.

मग गूगल केलं. या संचात पदार्पणाची चांगली कार्डं कोणती? रॉबर्टो ॲलोमार, मार्क ग्रेस, टॉम ग्लाव्हिन. नावं कळली मात्र, माझ्या हाताचा वेग वाढला. दहाव्या पाकिटापर्यंत मी चेहरे बघत होतो, विसाव्यानंतर फक्त नावं. पाकीट फोडायचं, पत्ते पिसल्यासारखी कार्डं सरकवायची, ती तीन नावं नसतील तर ढिगात टाकायची. ॲलोमार निघाला तेव्हा मी ओरडलो, आणि आईने आतून विचारलं, “काय रे, विकेट पडली का?” त्या ॲलोमारची किंमत वडापावाच्या आसपास असेल. तरी छाती धडधडली ती खरीच.

छत्तीस पाकिटं संपली. ५४० कार्डं, एकाच माणसाची तीन-तीन, आणि स्टॅन म्युझियलच्या चेहऱ्यातले तुकडे अजून कमीच. लाजलेला तो मुलगा ढिगात कुठे गेला ते शोधायला मला अर्धा तास लागला.

हिशोब

आता मोठ्या बॉक्सचा हिशोब करू. १९८६ चा फ्लीअर बास्केटबॉल बॉक्स घ्या, मायकल जॉर्डनच्या प्रसिद्ध कार्डाचा. तेव्हा अख्खा बॉक्स पंधरा डॉलरच्या आसपास पडायचा, तरी दुकानांत पडून राहायचा. ३६ पाकिटं, प्रत्येकात १२ कार्डं, म्हणजे ४३२. संचात १३२ कार्डं. तर एका बॉक्समधून सरासरी तीन ते चार जॉर्डन निघावेत. २०२१ च्या तेजीत असा बंद बॉक्स लाख डॉलरच्या पार गेला.

त्याच वर्षी जानेवारीत जॉर्डनच्या या कार्डाची ‘१०’ दर्जाची प्रत ७ लाख ३८ हजार डॉलरला विकली गेली होती. म्हणजे तीनपैकी एक जरी ‘१०’ निघाला तर बॉक्सचे पैसे कितीतरी पटींनी वसूल. कात्री हातात घ्यायला एवढं पुरेसं आहे ना?

इथे पीएसए ही संस्था येते. १९९१ मध्ये सुरू झालेली ही संस्था कार्ड तपासून १ ते १० असा दर्जा देते आणि कार्ड कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करते. चित्र चौकटीच्या मधोमध आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा स्वच्छ आहेत का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का, एवढं सगळं बघतात. जॉर्डनची हजारो कार्डं त्यांच्याकडे गेली आणि ‘१०’ मिळाले जेमतेम तीनशेच्या आसपास. तेच कार्ड ‘८’ दर्जाचं असेल तर किंमत काही हजार डॉलर. आणि बहुतेक कार्डं ‘८’ किंवा त्याखालीच असतात.

पण पाकीट तर बंद होतं, कोणी हात लावला नव्हता, मग कार्ड निर्दोष का नाही?

कारण नासाडी पाकिटाच्या आतच होते. कारखान्यात कागद वाकडा कापला गेला तर कार्ड जन्मतःच वाकडं. मेणकागद गरम करून चिकटवतात, तेव्हा ते मेण शेवटच्या कार्डाच्या पाठीवर डाग पाडतं. गमची पट्टी ज्या कार्डाला टेकलेली असते त्यावर तपकिरी चौकोन उमटतो. नव्वदच्या दशकातली चकचकीत लेपाची कार्डं दमट हवेत एकमेकांना चिकटून वीट होतात. वेगळी करायला गेलं की चेहरा सोलून निघतो. ग्रेट्झ्कीच्या कार्डाची तर वेगळीच तऱ्हा. ओ-पी-ची ही कॅनेडियन कंपनी आपले कागद तारेने कापायची, त्यामुळे कार्डांच्या कडा कुरतडल्यासारख्या. वर चौकट निळी, म्हणून रंगाचा टवका उडाला तर लगेच दिसतो. पीएसएने आजवर तपासलेल्या हजारो ग्रेट्झ्कींपैकी फक्त दोघांना ‘१०’ मिळाला.

म्हणजे रेजायनाच्या पेटीतले सत्तावीस ग्रेट्झ्की बहुधा खरेच असतील, पण त्यातला एकही ‘१०’ नसण्याची शक्यता फार मोठी आहे. पेटीच्या ३१ कोटींत कार्डांची किंमत आहेच. उरलेली किंमत आहे ती ‘तिसरा दहा आत असला तर?’ या प्रश्नाची. पेटी फोडली की प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि प्रश्नाची किंमत त्याच क्षणी शून्य होते.

आणखी एक मजा. तुम्ही बॉक्स फोडलात की जगातला एक बंद बॉक्स कमी झाला, म्हणजे ज्यांनी फोडला नाही त्यांचे बॉक्स किंचित महाग झाले. फोडणाऱ्याच्या खर्चावर न फोडणारे श्रीमंत होतात.

आणि तेजीचं काय? ७ लाख ३८ हजारांचा तो जॉर्डन काही महिन्यांत दोन लाखांच्या आसपास घसरला. कार्ड तेच, दर्जा तोच, फक्त लोकांचा ताप उतरला होता.

आत आहे तरी काय?

इथवर आपण गृहीत धरलं की बंद पाकीट खरंच बंद आहे. मेणकागद गरम इस्त्रीने पुन्हा चिकटवता येतो, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. पाकीट अलगद उघडायचं, चांगलं कार्ड काढायचं, साधं घालायचं, इस्त्री फिरवायची. याहून हुशार लोक पाकीट उघडतही नाहीत. कारखान्यातली यंत्रं कार्डं एका ठरलेल्या क्रमाने भरत. तो क्रम पाठ असला की बॉक्समधली दोन-तीन पाकिटं फोडून उरलेल्यांपैकी जॉर्डन कशात असेल ते सांगता येतं. तेवढी पाकिटं बाजूला काढायची आणि बाकीची ‘न उघडलेली’ म्हणून विकायची. ती खरोखर न उघडलेली असतात. फक्त त्यात काही नसतं.

म्हणून १९८९ मध्ये अपर डेक कंपनीने मेणकागद सोडून फॉइलची पाकिटं आणली आणि कार्डांवर होलोग्राम लावला. जुन्या बॉक्ससाठी मात्र तज्ज्ञ लागतात. ते घड्या, चिकटवलेल्या जागा, कारखान्याच्या खुणा बघतात आणि पटलं तर बॉक्सवर आपलं पारदर्शक आवरण चढवतात. म्हणजे आवरणावर आवरण. आता खरेदीदार आतल्या आवरणावर नाही, बाहेरच्या आवरणावर विश्वास ठेवतो.

हा विश्वास कुठवर पोचवतो ते २०२२ च्या जानेवारीत दिसलं. यूट्यूबर लोगन पॉलने पोकेमॉनच्या पहिल्या आवृत्तीची सीलबंद पेटी ३५ लाख डॉलरला घेतल्याचं जाहीर केलं होतं. तज्ज्ञांनी तपासलेली, आवरण चढवलेली. ही खेळाची कार्डं नव्हेत, पण तपासणारे तेच, बाजार तोच. इंटरनेटवर जाणकारांनी पेटीच्या खुणांवर शंका घेतल्या. शेवटी शिकागोत कॅमेऱ्यासमोर, तपासणाऱ्यांच्याच उपस्थितीत, पेटी उघडली. आत जी. आय. जो या सैनिकांच्या खेळण्याची कार्डं निघाली.

आत काय आहे याची खात्रीशीर परीक्षा एकच, ती म्हणजे उघडून बघणं. आणि उघडून बघितलं की विकायला काही उरत नाही. त्यामुळे खोटी पेटी न उघडता वर्षानुवर्षं हातोहात फिरू शकते, आणि ज्याच्या ज्याच्या हातातून गेली त्या सगळ्यांना फायदाही होऊ शकतो. नुकसान फक्त शेवटच्याचं, ज्याला उत्सुकता आवरली नाही त्याचं.

निराशा म्हणजे नुकसान नव्हे

२०२० च्या टाळेबंदीत लोक घरी बसले, जुनी खोकी बाहेर आली आणि कार्डांना पुन्हा सोन्याचा भाव आला. मे २०२१ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका टार्गेट दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, एकाने पिस्तूल काढलं, आणि टार्गेटने काही काळ दुकानांतून कार्डं विकणंच बंद केलं. याच काळात ‘ब्रेक’ फोफावले. एक माणस कॅमेऱ्यासमोर महागडा बॉक्स फोडतो, पन्नास जण आधीच पैसे भरून आपापला संघ निवडतात, ज्याच्या संघाचं कार्ड निघेल ते त्याचं. बाकीच्यांना मिळतो तो व्हिडिओ.

हा जुगार आहे का? नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या काही ग्राहकांनी कंपन्यांना कोर्टात खेचलं : पाकिटांत मुद्दाम मोजकी दुर्मीळ कार्डं टाकणं म्हणजे लॉटरी आहे, असं त्यांचं म्हणणं. २००२ मध्ये एका अपील न्यायालयाने ते फेटाळलं. हवं ते कार्ड न निघाल्याची निराशा हे मालमत्तेचं नुकसान नव्हे, असा त्या निकालाचा आशय. कार्डं मिळणार होती, मिळाली. कायद्याने पाहिलं तर बरोबरच आहे. पण सोळा वर्षांनी बेल्जियमने व्हिडिओ गेममधले पैसे भरून उघडायचे लूट बॉक्स जुगार ठरवून बेकायदा केले. तिथेही काहीतरी मिळतंच की! गाउडीच्या १०६ नंबरपासून तुमच्या फोनवरच्या चमचमत्या पेटीपर्यंत विकली जाते ती एकच गोष्ट, आणि ती कधी खेळणं ठरते, कधी जुगार.

मला विचाराल तर धोका पैसे बुडण्यात आहे, पण तेवढ्यातच नाही. माझे दोन पिझ्झांचे पैसे बुडाले, त्याचं काही वाटलं नाही. विसाव्या पाकिटानंतर मला चेहरे दिसेनासे झाले होते, ते मात्र लक्षात राहिलं. पहिल्या पाकिटात जे बक्षीस होतं ते छत्तीसही पाकिटांत होतं. फक्त तीन नावं कळल्यावर ते मोजणीत धरलं गेलं नाही. बॉक्स जितका महाग, तितका डोळ्यांवरचा हा पडदा जाड. लाख डॉलरचा बॉक्स फोडणाऱ्याला ४३२ कार्डांतली ४२८ कार्डं दिसतही नसतील.

म्हणून कोणी विचारलं, जुना बॉक्स फोडू का, तर मी म्हणतो, स्वस्तातला जरूर फोडा. गेले तर गेले म्हणता येतील एवढ्याच पैशांचा घ्या, यादी आधी बघू नका, आणि सावकाश फोडा. महागडा मिळाला तर दोन्ही बाजूंनी अवघड आहे. फोडलात तर बहुधा तोटा, न फोडलात तर तुम्ही एका प्रश्नाचे राखणदार, आणि तो प्रश्नही खरा आहे की इस्त्री फिरवलेला, हे तुम्हाला कळणार नाही.

रेजायनाच्या त्या पेटीतल्या कार्डांवर ग्रेट्झ्की अठरा वर्षांचा आहे. बर्फावर उभा, हातात स्टिक, अंगावर एडमंटनचा निळा-नारिंगी जर्सी. कोणा पोराने गम चघळत ते बघावं, मित्राला दाखवावं, बदल्यात दुसरं मागावं, म्हणून ते १९७९ मध्ये छापलं होतं. ते काम करून कुरतडलेली, डाग पडलेली, कोपरे दुमडलेली हजारो कार्डं आज त्या मानाने खूपच कमी किमतीला मिळतात. पेटीतल्या सत्तावीस जणांकडे मात्र अजून कोणी पाहिलेलं नाही.